क्लुंगकुंगच्या न्यायमंडपाचं छत: धाक कोणाला?

रिकामटेकडा:
बालीत क्लुंगकुंगच्या राजवाड्यातला 'केर्ता गोसा' पाहून आलो. चारी बाजूंनी उघडा मंडप. गावात न मिटलेले खटले इथे यायचे आणि तीन पेदंदा, म्हणजे ब्राह्मण पुरोहित, निवाडा करायचे. वर छतभर रंगवलेला नरक, कुणी कढईत उकळतंय, कुणाला करवतीने चिरतायत. आरोपीने मान वर केली की हेच. कला वगैरे ठीक आहे, पण मला तो सरळसरळ धाक वाटला. अशा छताखाली माणूस खरं बोलत नाही, म्हणाल ते कबूल करतो.

खडूस_आजी:
अहो, पण गोष्ट कुठली आहे ते पाहिलंत का? भीमस्वर्ग! कुंतीच्या सांगण्यावरून भीम नरकात उतरतो, पंडू आणि माद्रीला सोडवायला. यमाच्या सैन्याशी भिडतो, कढई उलथून टाकतो. शिक्षा मोडणाराच त्या छताचा नायक आहे. नुसता धाक घालायचा तर आपल्या गरुडपुराणासारखी यादी पुरली असती. आपला युधिष्ठिर नरकात भावांसाठी थांबून राहतो, बालीचा भीम मात्र थेट हाणामारीच करतो. (मला हाच जास्त आवडला.)

रिकामटेकडा:
आजी, भीम निघतो तो स्वतःच्या आईबापासाठी. बाकीच्यांचं काय? राजघराण्याचा वशिला नरकातही चालतो, एवढंच कळलं मला.

चुनाकात:
तुम्ही दोघं ज्या चित्रांवरून भांडताय ती १९६० ची आहेत. आधी कापडावर होती, ती खराब होत गेली. मग जवळच्याच कामासान गावच्या चित्रकारांनी सिमेंटच्या पत्र्यांवर पुन्हा रंगवली. राजवाडा तर २८ एप्रिल १९०८ च्या पुपुतानातच, म्हणजे शरण न जाता मरण पत्करण्यातच, गेला. डचांच्या तोफांसमोर राजा कुटुंबासकट चालत गेला आणि मेला. मंडप उरला, आणि पुढे डचांच्या अमलातही तिथे न्यायालय भरत राहिलं. १९०८ नंतर त्या छताखाली न्याय कोणाच्या नावाने होत होता, तेही धरा हिशेबात.

खडूस_आजी:
पत्रे नवे असतील, गोष्ट जुनीच. आणि सगळ्यात खालची, डोक्याला सर्वांत जवळची रांग कुणीच पाहत नाही. तिथे तंत्रीच्या कथा आहेत, आपल्या पंचतंत्राच्या भावकीतल्या. रोज नवी बायको करणाऱ्या राजाला प्रधानाची मुलगी तंत्री त्या सांगते. आरोपीला नाही हो, राजाला!

रिकामटेकडा:
ही रांग मी पाहिलीच नाही. फोटोंतही नाही, सगळे नरकाचेच काढलेत. पण आरोपीचं लक्ष तरी माकडा-कासवांकडे कुठलं जाणार होतं?