मदत हवी आहे: भाचीला बीडीएस करून गावातच दवाखाना काढायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरकडचे. माझी भाची यंदा बारावी सायन्सला आहे आणि तिला दातांची डॉक्टरच व्हायचंय. एमबीबीएस हुकलं तर म्हणून नव्हे, पहिली पसंतीच ती. मला तिचं फार कौतुक वाटतं.

नीटची प्रवेश परीक्षा, मग सीईटी सेलचे कॅप राऊंड (प्रवेशाच्या फेऱ्या), ४ वर्षं अभ्यास आणि १ वर्ष इंटर्नशिप, एवढं ठाऊक आहे. सरकारी कॉलेजं मुंबई, नागपूर, संभाजीनगरला. खेडचं योगिता डेंटल जवळ, पण खाजगी. सरकारी सीट नाही मिळाली तर खेडला घ्यावं, की वर्षभर थांबून नीट परत द्यावी?

खरा प्रश्न पुढचा. तिला परत इथेच यायचंय. आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत मशेरी लावतात, आणि दात हलायला लागेपर्यंत कोणी डॉक्टरकडे फिरकत नाही. अशा ठिकाणी नुसत्या बीडीएसवर दवाखाना चालतो का? की आधी ३ वर्षांचं एमडीएस (बीडीएसनंतरचं पदव्युत्तर शिक्षण) करावं? खुर्ची, एक्स-रे, कॉम्प्रेसर धरून सुरुवातीला भांडवल किती लागतं?

चिपळूण, दापोली, मालवण भागात प्रॅक्टिस करणाऱ्यांनी कृपया सांगा. इंटर्नशिपनंतर आधी कुणा सीनियरकडे काम केलं होतंत का, तेही लिहा.