पॅकमन बेडकाच्या शीमध्ये जंत दिसले, कुणाला दाखवू?

टिळकवाडीकर: मंडळी, माझ्याकडं पॅकमन बेडूक (मोठ्या तोंडाचा, गुबगुबीत पाळीव बेडूक) आहे, तीन महिने झाले आणून. खातोय चांगला पण आठवडाभर झाला मांड्या बारीक दिसायल्यात आणि काल शीमध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत वळवळताना बघितले. इथल्या एका जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हटले आम्ही म्हशी-कुत्री बघतो, कुत्र्याची जंताची गोळी चतकोर देऊन बघा. मला धीर झाला नाही. काय करू? रात्रभर टाकीपाशी बसून हाय.

खानापूरची ताई: गोळी दिली नाहीस ते लई बरं केलंस भावा. एवढ्याशा जीवाला ग्रॅममध्ये वजन करून डोस काढावा लागतो. आणि आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाचे थेंब कुणी सुचवले तर अजिबात नको, बेडकाची कातडी औषध शोषून घेते, डोस जास्त झाला की लुळा पडतो. माझ्या ट्री फ्रॉगच्या (झाडावरच्या बेडकाच्या) वेळी मी पुण्यातल्या एक्झॉटिक, म्हणजे असले वेगळे पाळीव प्राणी बघणाऱ्या, डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी आमच्या गावच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं, मायक्रोस्कोप इथंच होता की! फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी परत शी तपासली. आपले डॉक्टर वाईट नसतात, फक्त त्यांना विचारायला कुणीतरी लागतं.

निपाणीवाला: ताई बरोबर. शी मात्र ताजी पाहिजे, मातीत पडून राहिली की मातीतलेच बारीक किडे त्यात शिरतात आणि रिपोर्ट चुकतो. झाकणाच्या डबीत ओल्या टिश्यूवर ठेव, लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नको. थोडेफार जंत पोटात असले म्हणून प्रत्येक वेळी औषध लागतंच असंही नाही, पण तुझा वाळतोय म्हणजे दाखवच. सातारा जिल्ह्यात शिरवळला हायवेला लागून व्हेटर्नरी कॉलेज आहे, आधी फोन करून बेडूक बघतात का विचार. खायला काय घालतोस?

टिळकवाडीकर: शेतातली गांडुळं आणि नाकतोडे, पावसात भरपूर मिळतात म्हणून.

निपाणीवाला: मग ते आजच बंद कर. जंत तिथूनही येतात, वर फवारणीचं विष वेगळंच.

खानापूरची ताई: माती पण काढ, नुसता ओला टिश्यू पेपर अंथर आणि रोज बदल. काही जंतांच्या अळ्या कातडीतून परत आत शिरतात, औषध देऊन उपयोग नाही मग. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाल.

टिळकवाडीकर: माती काढली. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, ६२ ग्रॅम. पुण्याच्या डॉक्टरांची उद्या अकराची वेळ मिळाली, शीची डबी फ्रिजमध्ये आहे, आईला सांगून ठेवलंय.