वाकायचीच भीती बसलेली कंबरदुखी: अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये नेमकं काय करायचं?

ओपीडी_फिजिओ:
पेशंट ४४ वर्षांचे, आठ महिने कंबर दुखतेय. मुंग्या नाहीत, पायांची ताकद चांगली, एमआरआयमध्ये किरकोळ बल्ज (मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली). कुणीतरी 'मणक्यात गॅप आहे, वाकू नका' म्हटल्यापासून बेल्ट सुटत नाही. टॅम्पा स्केल (हालचालीची भीती मोजणारी प्रश्नावली) ४६, म्हणजे भीती बरीच. व्यायाम नेमाने करतात, फरक शून्य. भीतीवर काम करायला हवं हे कळतं, पण सुरुवात कुठून करू? 'म्हणजे माझं दुखणं खोटं?' असं त्यांना वाटायला नको.

सांधेसोबती:
आधी त्या 'गॅप'चं बघा. त्यांनाच विचारा, गॅप म्हणजे डोळ्यांपुढे काय येतं? उत्तर ऐकून घ्या, मगच सांगा की चाळिशीत काहीही न दुखणाऱ्यांपैकीही साधारण निम्म्यांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो. दुखणं खरंच आहे, हे पहिल्याच वाक्यात म्हणा.

मग त्यांनी टाळलेल्या हालचालींची यादी करून प्रत्येकीला भीतीचे ० ते १०० गुण द्यायला लावा. समजा, बादली उचलण्याला ६० दिले. करण्याआधी भाकीत त्यांच्याच शब्दांत लिहा: 'कट्‌कन होईल, सरळ उभं राहता येणार नाही.' शक्यता किती? ८० टक्के. आता तुम्ही करून दाखवा, मग ते: आधी रिकामी बादली, मग पाच लिटर पाणी. लगेच विचारा, 'कट्‌कन झालं? सरळ उभे आहात ना?' आणि शक्यतेचा आकडा पुन्हा घ्या. 'किती दुखलं?' विचारलंत की सगळं लक्ष परत दुखण्यावर जातं.

हमखास चूक म्हणजे बेल्ट लावून, श्वास रोखून किंवा मांडीवर हात टेकून करू देणं. मग 'बेल्टमुळे वाचलो' एवढंच ते शिकतात.

चालतं_बोलतं:
सहमत. पण बरं वाटलं की घरभर कामं उपसून दुसऱ्या दिवशी आडवे होणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांना कोटा द्या. तीन दिवस चालण्याची वेळ मोजा: १०, १४, १२ मिनिटं. सरासरी १२, त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण १० मिनिटांपासून सुरुवात. दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवा. चांगल्या दिवशीही कोट्याच्या वर नाही, वाईट दिवशी खाली नाही. दुसरी अट पाळायला लावणं जास्त अवघड जातं.

ओपीडी_फिजिओ:
बादलीनंतर दुसऱ्या दिवशी ठणका लागला तर?

सांधेसोबती:
लागू शकतो, म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पायरी तीच ठेवा, खाली उतरवू नका. उतरवलीत तर त्यांची भीती खरी होती असं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. मात्र लघवी अडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर एक्सपोजर (भीतीच्या हालचाली पायरीपायरीने करून बघणं) थांबवून त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा. जगणं नकोसं झाल्याचं बोलले, तर तेही त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे.