मदत हवी आहे: जुन्या टाइमशीटवरून टेस्टिंगचा अंदाज कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

वितरकांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. पुढच्या रिलीजमध्ये खरेदी-परताव्याचं नवं मॉड्यूल येतंय आणि किती दिवस लागतील ते गुरुवारपर्यंत सांगायचंय. मॅनेजरचं म्हणणं, "जीएसटीच्या वेळी लागले तेवढेच धर."

काम तसं दिसतं खरं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं दरांचा तक्ता बदलला की झालं. वेळ खाल्ला तो जुन्या बिलांनी. 20 सप्टेंबरला 12 टक्क्यांनी विकलेलं तूप ऑक्टोबरात परत आलं, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारा कागद) 12 नेच निघायला हवी. ती नव्या दराने, 5 ने निघत होती. ते दुरुस्त झालं की राउंडिंग बिघडायचं, मग पुन्हा अख्खं रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं सगळं परत तपासणं.

अडचण अशी की टाइमशीटमध्ये या सगळ्याला एकच नाव आहे: 'टेस्टिंग'. टेस्ट केस लिहिणं, सर्व्हर बंद म्हणून बसून राहणं, रीटेस्ट, सगळं त्यातच. शिवाय तेव्हाचे सीनियर आता टीममध्ये नाहीत, नवी मुलं हिशेबाच्या बाबतीत कोरी. वरून 20 टक्के बफर लावा असं कृपया सांगू नका, तो पहिल्याच मीटिंगमध्ये कापला जातो.

हा जुना आकडा वापरू कसा?

रिकामा_बग:
टाइमशीट सोडा, जिरा (बग नोंदवायचं सॉफ्टवेअर) उघडा. कुठला बग किती वेळा रीओपन झाला ते हिस्ट्रीत दिसतं, रीटेस्टच्या फेऱ्या तिथून मोजा. सर्व्हर बंद असल्याच्या मेल असतीलच. ते तास वेगळे काढा, पण फेकू नका. सर्व्हर तोच असेल तर पुन्हा बसणारच. अंदाजात त्याची ओळ स्वतंत्र दाखवा, मग कापायची तर आधी सर्व्हर सुधारावा लागेल. :)

जुना_टेस्टर:
+1. आणि एकच आकडा देऊ नका. कामाचे तुकडे करा, प्रत्येकाला तीन आकडे लावा: सुरळीत गेलं तर, नेहमीसारखं, वाट लागली तर. समजा 4, 6 आणि 14 दिवस. मधल्याला चौपट वजन: 4 + 24 + 14 भागिले 6, म्हणजे 7. पर्ट (PERT) या नियोजन पद्धतीचं जुनं सूत्र आहे, 1958 च्या सुमाराचं, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस प्रकल्पातलं. तिसरा आकडा मनाने घेऊ नका, जीएसटीच्या वेळचा प्रत्यक्ष घ्या. नव्या मुलांना मागच्याच काही टेस्ट केस चालवायला द्या, वेग कळेल.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. जिरा बघितलं, राउंडिंगचेच बग सगळ्यात जास्त रीओपन झालेत. परताव्यात तर वर टक्केवारीची सूटही आहे. हे 'नेहमीसारखं'मध्ये धरू की 'वाट'मध्ये?

जुना_टेस्टर:
नेहमीसारखं. आणि त्या राउंडिंगच्या केस टेस्टिंगला आलेल्या पहिल्याच बिल्डला चालवा, शेवटासाठी ठेवू नका.