सेकंडहँड होमबिल्ट विमान: काम कोणी करायचं, सही कोणाची?

प्रश्न
अमेरिकेत, ओहायोत, एक सेकंडहँड आरव्ही-६ (व्हॅन्स कंपनीच्या किटवरून घरी बांधलेलं, म्हणजे होमबिल्ट विमान) बघून ठेवलंय. १९९८ ची बांधणी, लायकमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवर, फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन कायम). बांधणारा स्वतःच विकतोय, दरवर्षीच्या तपासणीवर आजवर त्याचीच सही आहे. माझ्याकडे मेकॅनिकचं लायसन्स नाही. तेल, ब्रेक, टायर मी स्वतः केलं तर चालेल का? आणि पुढे कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर (उडताना पात्यांचा कोन बदलणारा) बसवायचा झाला तर काय करावं लागतं?

उत्तर १
तेल-ब्रेकच काय, इंजिन उतरवून परत चढवलंत तरी चालतं. देखभाल कोणी करायची हे ठरवणारा एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) नियमांचा भाग ४३ तुमच्या विमानाला लागू नाही. त्या विमानाला आधी दुसऱ्या प्रकारचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (उड्डाणयोग्यतेचा दाखला) मिळालेलं असेल तरच गोष्ट वेगळी.

अडतं ते कंडिशन इन्स्पेक्शनपाशी, म्हणजे तुम्ही म्हणता त्या वार्षिक तपासणीपाशी. ती दर १२ कॅलेंडर महिन्यांनी, म्हणजे १० मार्चला झाली तर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालते. बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट (ही तपासणी करून सही करायचा परवाना) त्याच्या नावावर आणि त्या एका विमानापुरतं असतं, विक्रीबरोबर तुमच्याकडे येत नाही. तो तयार असेल तर विकल्यानंतरही सही करू शकतो. नाहीतर कोणताही ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं लायसन्स असलेला) मेकॅनिक चालतो, त्याच्याकडे आयए हा तपासणीचा वरचा अधिकार असावा लागत नाही. एफएएच्या २०२५ च्या मोझेइक या नव्या नियमांनी रिपेअरमनच्या तरतुदी बदलल्या आहेत, तेव्हा स्वतः सही करायचा विचार असेल तर भाग ६५ ची (मेकॅनिक-रिपेअरमनच्या परवान्यांचे नियम) चालू आवृत्ती वाचा, जुन्या चर्चांवर विसंबू नका.

लॉगबुकात तारीख, एकूण तास, सर्टिफिकेटचा प्रकार आणि क्रमांक, सही, आणि 'भाग ४३ च्या परिशिष्ट डीच्या व्याप्तीनुसार तपासलं, सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळलं' अशा अर्थाचा मजकूर लागतो. नेमके शब्द तुमच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये (विमानाच्या सर्टिफिकेटसोबत मिळणाऱ्या अटी) छापलेले असतात. 'अ‍ॅन्युअल' असं लिहू नका, ती सर्टिफाइड, म्हणजे कारखान्यात बनलेल्या प्रमाणित विमानांची भानगड. ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) २४ महिन्यांची चाचणी मात्र यात येत नाही, ती रिपेअर स्टेशनकडूनच करून घ्यायची. ईएलटी (अपघातात संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) दर १२ महिन्यांनी तपासायचं.

उत्तर २
नियम वरच्यांनी सांगितले. घेण्याआधी काय उघडून बघायचं ते सांगतो, कारण नियम सैल असले की आधीच्या हातांनी काय केलंय ते कागदावर सापडेलच असं नाही.

काउलिंग (इंजिनावरचं आवरण), फेअरिंग (सांध्यांवरची आवरणं), सगळ्या इन्स्पेक्शन प्लेट काढायला लावा. विक्रेता कुरकुरला तर तिथेच थांबा. शेपटीकडे आधी जा: हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझरच्या (शेपटीचा आडवा पंख) पुढच्या स्पारला (आतला मुख्य दांडा) भेगा जातात, त्यासाठी व्हॅन्सचं सर्व्हिस बुलेटिन १४-०१-३१ आहे. ते केल्याची नोंद नसेल तर केलेलं नाही असंच धरा. कंट्रोलच्या बोल्टांना कोटर पिन किंवा सेल्फ-लॉकिंग नट आहे का, नटाबाहेर किमान एक आटा दिसतो का बघा. एएन३ बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, एएन४ ला ५० ते ७०, आणि सेल्फ-लॉकिंग नटाचा स्वतःचा घट्टपणा त्यात वरून मिळवायचा. तो घट्टपणा मिळवायचा विसरला की नट खरंतर ढिलाच राहतो.

इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट ८० पीएसआयवर, गरम असताना. ६० च्या खालचा किंवा बाकीच्यांपेक्षा १०-१५ ने मागे पडलेला सिलिंडर घेऊच नका असं नाही, पण हवा एक्झॉस्टमधून सुटतेय की ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणारी नळी) हे ऐका: पहिली व्हॉल्व्हची खूण, दुसरी रिंगची. तेल बदलायचं दर ५० तासांनी, फिल्टर नसून नुसती जाळी असेल तर २५, आणि उडवलं नाही तरी दर ४ महिन्यांनी. फिल्टर कापून धातूचे कण बघितल्याशिवाय फेकू नका.

प्रश्नकर्ता
प्रोपेलरचं राहिलं.

उत्तर १
तो मेजर चेंज. ऑपरेटिंग लिमिटेशन्स वाचा: साधारणपणे एफएसडीओला (एफएएचं स्थानिक कार्यालय) कळवून चाचणीचं क्षेत्र मान्य करून घ्यायचं, फेज १ मध्ये (चाचणी उड्डाणांचा टप्पा) परत जायचं, किमान ५ तास, प्रवासी नाही, मग लॉगबुकात नोंद. वजन-समतोल नव्याने काढा, नाकाकडे बरंच वजन वाढतं. जुन्या विमानांच्या लिमिटेशन्समध्ये हे कलम नसतं, तेव्हा आधी नव्या मागून घ्याव्या लागतात.

उत्तर २
आणि क्रँकशाफ्ट पोकळ आहे का ते इंजिनाच्या मॉडेलवरून आधी बघा. सॉलिड असेल तर गव्हर्नरचं (पात्यांचा कोन तेलाच्या दाबाने बदलणारं यंत्र) तेल प्रोपेलरपर्यंत पोचणारच नाही. पोकळ असेल तर पुढचा प्लग काढायचा आणि फिक्स्ड पिचसाठी भोक पाडलेला मागचा प्लग बदलून अखंड बसवायचा. तो राहिला तर दाब धरत नाही. प्लग निघालेला असतानाच आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे आहेत का पाहून घ्या, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश) ९८-०२-०८ त्याच खड्ड्यांसाठी आहे. होमबिल्टला तो लागू की नाही यावर भांडणारे भांडोत, खड्डा पडलेला क्रँकशाफ्ट तुटायला सर्टिफिकेट विचारत नाही.