जमिनीखाली प्लास्टिक आणि भिंतीवर लोखंड: गॅसवाहिनीबाबत शंका

प्रश्न: सोसायटी सचिव, मनीषनगर, नागपूर

आमच्या लेआउटमध्ये स्वयंपाकाच्या गॅसची वाहिनी टाकली जात असून खंदकात पिवळे प्लास्टिकचे पाइप उतरवले जात आहेत. इमारतीवर मात्र लोखंडी पाइप चढवणार, असे कंत्राटदार सांगतो. ज्येष्ठ सभासदांच्या मते जमिनीतच लोखंड हवे होते. त्यातच "चार बार" दाब ऐकून सारेच धास्तावले आहेत. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर: निवृत्त पाइपलाइन अभियंता

पाइप कशाचा, हे आधी दाब ठरवतो. सिटी गेट स्टेशनपासून (शहरासाठी गॅस जिथे घेतला जातो त्या केंद्रापासून) निघणारे मुख्य जाळे पोलादी असते, कारण पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या निकषांनुसार त्यातील दाब ७ बारच्या वर, ४९ बारपर्यंत असू शकतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब). पुढे रेग्युलेटिंग स्टेशनवर दाब उतरवून साधारण ४ बारने गॅस वस्त्यांमध्ये सोडतात आणि तिथून पॉलिइथिलीनचे, म्हणजे तुम्ही पाहिलेले प्लास्टिकचे पाइप सुरू होतात. इमारतीजवळ तो सुमारे १०० मिलिबारवर (मिलिबार म्हणजे बारचा हजारावा भाग) आणि मीटरपाशी २१ मिलिबारवर आणला जातो. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून सुमारे ३० मिलिबार येतात, म्हणजे स्वयंपाकघरातला दाब उलट कमीच होणार आहे. मात्र वाहिनीतल्या या नैसर्गिक वायूची एका घनमीटरमागची उष्णताही एलपीजीपेक्षा बरीच कमी असल्याने शेगडीचे जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राचे भाग) बदलावेच लागतात.

ज्येष्ठांचा आक्षेप चुकीचा का, तर पोलाद मातीत गंजते. त्याला पॉलिइथिलीनचे आवरण आणि कॅथोडिक संरक्षण (सौम्य वीजप्रवाहाने गंज रोखण्याची पद्धत) द्यावे लागते आणि दोन्हींची देखभाल कायम चालू ठेवावी लागते. पॉलिइथिलीन गंजत नाही, शिवाय उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या आपल्या काळ्या मातीबरोबर ते थोडे वाकू शकते. त्याचे वैरी ऊन आणि आग. अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते आणि तापमान वाढले की ताकद घटते. नागपूरच्या मे महिन्यात ते उघड्या भिंतीवर लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून वर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड.

उत्तर: साइट सुपरवायझर

वरील विवेचन योग्यच आहे. मी मात्र सांध्यांकडे लक्ष वेधू इच्छितो. इलेक्ट्रोफ्यूजन कपलरमध्ये (पाइपची टोके जोडणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यात) वीज सोडली की आतली तार तापून पाइप आणि कपलर एकजीव होतात व कपलरवरच्या दोन बारीक खुंट्या वर येतात. खुंट्या दिसल्या म्हणजे सांधा पक्का, असे कामगार सर्रास सांगतात, पण त्यावर विसंबू नये. पाइपचा वरचा पातळ थर खरवडला होता का, तो भाग कोरडा आणि धूळमुक्त होता का आणि सांधा थंड होईपर्यंत पाइप क्लॅम्पमध्ये स्थिर होता का, हे पाहिल्याखेरीज खुंट्यांना अर्थ नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पाइप किती खोल असावा?

उत्तर: निवृत्त पाइपलाइन अभियंता

पाइपवर किमान १ मीटर माती आणि मध्ये इशारा देणारी पट्टी असावी. खरा धोका दाबापेक्षा नंतरच्या खोदकामाचा आहे: नळजोडणी, केबल किंवा सिमेंट रस्त्यासाठी येणाऱ्या जेसीबीचा. वाहिनीचा प्रत्यक्ष टाकल्यानुसार नकाशा कंपनीकडून लेखी मागून सोसायटीच्या दप्तरात ठेवावा आणि यापुढे आवारात कोणी खोदणार असेल, तर आधी कंपनीला कळवावे.