जनुक शाबूत, तरी कामातून गेलेलं

वर एकांनी विचारलंय, 'काकूंच्या स्तनातल्या गाठीत पीटेन या, पेशीची वाढ आवरणाऱ्या जनुकात बिघाड सापडला नाही, मग त्याचं प्रथिन एवढं कमी कसं?' आमच्या पंचगंगेवरचा कोल्हापुरी बंधारा डोळ्यांसमोर आणा. बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातले की वर पाणी तुंबतं, खाली धार उरते. नदीला काही झालेलं नसतं.

पेशीतले मायक्रोआरएनए म्हणजे हे बरगे. आरएनएचा जेमतेम २२ अक्षरांचा (म्हणजे रासायनिक घटकांचा) तुकडा. त्यातली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवायचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या, शेपटाकडच्या भागाशी जुळली की तो तुकडा तिथं चिकटतो. मग त्या संदेशापासून प्रथिन बनणं मंदावतं, संदेशही लवकर कुजतो. पूर्ण बंद क्वचितच होतं; बरग्यांच्या फटीतून गळतंच की.

स्तनाच्या कर्करोगात मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए बहुधा वाढलेला दिसतो. तो पीटेनला दाबतो, पीडीसीडी४ या गाठ रोखणाऱ्या दुसऱ्या जनुकालाही. पीटेनचं काम पेशीच्या वाढीच्या निरोपाला, म्हणजे एकेटी नावाच्या प्रथिनाच्या साखळीला, आवर घालायचं. तो आवर ढिला झाला की पेशी वाढत सुटते, मरायच्या वेळी मरत नाही. अर्थात पीटेन कमी व्हायला इतरही कारणं असतात, जनुकाच्या सुरुवातीला मिथाइलचे रासायनिक गट बसून ते गप्प होणं हे त्यातलंच एक. त्यामुळं काकूंच्या बाबतीत मिर-२१ च दोषी, असं इथं बसून म्हणता येणार नाही.

आणि वर कुणीतरी सरसकट 'मायक्रोआरएनए वाईट' लिहिलंय, ते काय पटलं नाही बघा. मिर-३४ए हा मायक्रोआरएनए तर पी५३ या गाठ रोखणाऱ्या प्रथिनाच्याच हुकमानं तयार होतो आणि गाठीला रोखायला मदत करतो.